घर विकतांना गिऱ्हाईक कसें निवडावें?

(गांवच्या वाचनालयांत झालेलें भाषण)



घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपले वाडवडील म्हणत आले. घर पाहावें विकून, असें मात्र कोणी म्हटलें नाहीं. कारण घर विकणें ही आपल्यांत लाजेची गोष्ट समजली जाते. बैल विकायचा असला तर आपण खरसुंडीच्या जत्रेंत मुक्काम टाकतों, दांत दाखवतों, चाल दाखवतों. हळद विकायची असली तर सांगलीच्या सौद्यांत ताठ उभे राहतों. पण घर विकायची वेळ आली कीं तोंड लपवून, तिन्हीसांजेला, कोणा एकाच्या ओसरीवर बसून चहाच्या कपाबरोबर व्यवहार उरकतों. मग पुढें दहा वर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजवतों, आणि भावकींत जी अढी बसते ती नातवंडांपर्यंत पुरते.

आज मला एवढेंच बोलायचें आहे कीं, एकाच घराला जेव्हां चार-पांच गिऱ्हाइकें येतात तेव्हां त्यांतलें एक न्यायानें कसें निवडावें. कोणी म्हणेल, "मास्तर, गिऱ्हाइकें जास्त आलीं तर ती चैनच झाली. जो जास्त देईल त्याला द्यावें. त्यांत भाषण कसलें?" बंधूंनो, इतकें सोपें असतें तर तालुक्याच्या कोर्टांत एवढी गर्दी दिसली नसती. बोलणारा जास्त बोलतो आणि देतांना कमी देतो. एकाला शब्द दिलेला असतो आणि दुसरा नोटा मोजून दाखवतो. भाऊ म्हणतो माझा हक्क, शेजारी म्हणतो माझा हक्क, आणि खरा हक्क जिचा असतो तिला कोणी विचारीतहि नाहीं.

एक उदाहरण धरून चालूं. येरळेच्या कांठचें एखादें गांव घ्या. कुंभारवाड्यांत तीन खणांचें एक घर आहे. घरधनी वारला. मागें बाई आहे, तिला आपण आक्का म्हणूं. मुलगा इचलकरंजीला मागावर आहे आणि आईला तिकडे नेणार आहे. मुलगी पलूसला दिलेली आहे. घर विकायचें आहे असा नुसता वास लागला आणि गिऱ्हाइकें दारांत आलीं.

पहिली आली ती लेक. "आई, बापाचें घर आहे, परक्याला कशाला? मी घेतें." दुसरे आले शेजारचे तात्या. "आक्का, भिंतीला भिंत लागून आहे, पहिला मान माझा." तिसरा आला कोइमतूरहून सुटीवर आलेला गलाई. विटा, खानापूर, आटपाडीकडचे हे आपले बांधव सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यापायीं देशभर पसरले आहेत, आणि गांवाकडे घर असावें ही त्यांची ओढ खरी आहे. तो म्हणाला, "नऊ लाख देतों, पण खतांत चारच लिहायचे." चौथा सावकार. तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याकडून माझें येणें आहे. घर मलाच लिहून दे, नाहींतर जप्ती आणतों." पांचवें एक बौद्ध कुटुंब. नवरा एस्टींत चालक, बायको अंगणवाडींत. बँकेनें त्यांचें कर्ज मंजूर केलेलें. ते म्हणाले, "साडेआठ देऊं, सगळे बँकेंतून, पण चाळीस दिवस लागतील."

आतां आक्कानें काय करावें?

घर तिचें आणि तिच्या लेकरांचें आहे. तें कोणाला द्यावें हें ठरवण्याचा अधिकार त्यांचाच. पण अधिकार आहे म्हणून मनाला येईल तसें वागावें असें होत नाहीं. माझ्या समजुतीप्रमाणें याची कसोटी एकच आहे. ज्या कारणासाठीं तुम्ही एकाला घर देणार आणि दुसऱ्याला नाकारणार, तें कारण भाव लागण्याच्या आधीं सर्वांना सांगा. आणि जें कारण चावडीवर चारचौघांत सांगायला जीभ अडखळते, तें निवडीचें कारण करूं नका. या एका कसोटीवर आपण पांचही गिऱ्हाइकें घासून पाहूं.

आधीं हक्कदार पाहूं. लेक ही परक्या घरची, असें आपण अजून म्हणतों. कायदा तसें म्हणत नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें मृत्युपत्र न करतां वारलेल्या माणसाची विधवा, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वांटा आहे. पूर्वीं मुलींना राहत्या घराचें वांटप मागतां येत नसे. तें कलम २००५ सालीं काढून टाकलें. तेव्हां या घरांत तिघांचे तीन समान हिस्से धरा. लेकीच्या सहीशिवाय सगळें घर विकतां येत नाहीं, आणि भाऊबीजेच्या ओवाळणींत तिच्याकडून गोड बोलून हक्कसोडपत्र घेणें ही निव्वळ लूट आहे.

त्याच कायद्याचें बाविसावें कलम फार थोड्यांना ठाऊक आहे. वारसाहक्कानें मिळालेल्या मिळकतींतला आपला हिस्सा एखाद्या वारसानें विकायला काढला, तर बरोबरीच्या इतर वारसांना तो प्रथम घेण्याचा हक्क आहे. किंमतीवर एकमत झालें नाहीं तर कोर्ट किंमत ठरवतें. दोन वारस घ्यायला उभे राहिले तर जो जास्त देईल त्याला तो मिळतो. म्हणजे आक्काच्या दारांत जी पहिली आली तिचा हक्कहि पहिला आहे. तिला "तूं सासरीं सुखानें राहा" असें सांगून वाटेला लावणें हा अन्याय होईल. तिला किंमत सांगावी, विचाराला ठराविक मुदत द्यावी, आणि तिनें हो किंवा नाहीं काय तें लिहून द्यावें. ती नाहीं म्हणाली तरी विक्रीच्या पैशांतला तिसरा हिस्सा तिचा आहेच.

एका भावानें परस्पर आपला हिस्सा परक्याला विकला तर काय, असें पुष्कळ जण विचारतात. १८८२ च्या मिळकत हस्तांतरण कायद्याप्रमाणें असा परका माणूस एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरांत घुसून कुटुंबाबरोबर राहूं शकत नाहीं. त्यानें वांटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वांटप कायद्यानें घरच्या हिस्सेदाराला कोर्टानें ठरवलेल्या किंमतीस तो हिस्सा विकत मागतां येतो. चुलीजवळ परका येऊन बसूं नये एवढी काळजी कायद्यानें सव्वाशे वर्षांपूर्वींच घेतली आहे.

आतां शेजारचे तात्या. भिंतीला भिंत म्हणून पहिला हक्क, ही समजूत गांवोगांवीं आहे. तिला आधार नाहीं. मुसलमानी कायद्यांत शुफा नांवाचा अग्रहक्क आहे. त्यांत हिस्सेदार, वाट-पाण्याचा भागीदार आणि शेजारी असे तीन दर्जे मानलेले आहेत. जुन्या कांहीं संस्थानांनींहि असे कायदे केले होते. परंतु १९६२ सालीं भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें रेवा संस्थानच्या कायद्यांतला नुसत्या शेजारपणाचा अग्रहक्क घटनेविरुद्ध ठरवला. हिस्सेदाराचा अग्रहक्क मात्र मान्य केला. तेव्हां तात्यांना हक्क नाहीं, मान आहे. त्यांना आधीं कळवावें, दोघांच्या सामाईक भिंतीचें, पन्हाळीच्या पाण्याचें, बोळांतल्या वाटेचें काय ठरलें आहे तें त्यांच्यासमोर लिहून ठेवावें. पण भाव त्यांनाहि इतरांसारखाच.

आतां सावकाराकडे वळूं. हा गिऱ्हाईक म्हणून आलेलाच नाहीं, धमकी म्हणून आला आहे. आपल्या मुलखाला ही गोष्ट नवी नाहीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुप्याला आणि नगरकडे शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतपत्रें जाळलीं; शिराळ्याकडच्या कुकरूडलाहि तसाच उठाव झाला. त्यानंतर १८७९ सालीं शेतकऱ्यांना कर्जांतून दिलासा देणारा कायदा झाला आणि तो पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू केला. आज काय स्थिति आहे? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणें शेतकऱ्याचें किंवा मजुराचें राहतें घर पैशाच्या हुकूमनाम्यापायीं जप्त करतां येत नाहीं. घरच त्या कर्जाला गहाण असेल तर गोष्ट निराळी. शिवाय २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानें बेकायदा सावकारीच्या तक्रारीची चौकशी करून लिहून घेतलेली मिळकत परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला आहे. म्हणून आक्कानें सावकाराला शांतपणें सांगावें, "दादा, तुमचें खरें येणें असेल त्याचा कागद दाखवा, तें विकलेल्या पैशांतून फेडीन. घर घ्यायचें असेल तर चौघांसारखी बोली लावा." ज्याच्याजवळ कागद नसतो तो येथेंच उठून जातो.

आतां बोली कशी घ्यावी? बैलबाजारांत तुम्हीं रुमालाखालचा सौदा पाहिला आहे. दलाल हातावर रुमाल टाकतो, आंत बोटें दाबतात, आणि भाव ज्याचा त्यालाच कळतो. मालक बाजूला उभा राहून आभाळाकडे पाहतो. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, त्यांतला तो प्रकार. घराचा सौदा रुमालाखालीं कधीं करूं नका. दलाल जेव्हां एकाला सांगतो "दुसऱ्यानें नऊ लावले" आणि दुसऱ्याला सांगतो "पहिला दहाला तयार आहे", तेव्हां तुमच्या नांवानें खोटें बोललें जातें, आणि त्याचें पाप तुमच्याच दारांत पडतें.

उघडपणा आपल्या मातीला परका नाहीं. १९४३ ते १९४६ या काळांत याच सातारा-सांगलीच्या मुलखांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनें न्यायदान मंडळें चालवलीं. जमिनीचा, गहाणाचा तंटा गांवापुढें यायचा आणि निवाडा गांवासमोर व्हायचा. आपल्या आजोबांना जें जमलें तें आपल्याला कां जमूं नये?

कोर्टाच्या लिलावाचे नियमहि शिकण्यासारखे आहेत. मिळकतीची माहिती आधीं जाहीर करतात, दवंडी देतात, आणि स्थावराचा लिलाव जाहीर केल्यावर निदान पंधरा दिवस जावे लागतात. ज्याची बोली मंजूर होते त्यानें शेंकडा पंचवीस रक्कम तेथल्या तेथें भरायची आणि बाकीची पंधरा दिवसांत. न भरली तर फेरलिलाव. लिलाव चालवणाऱ्या अंमलदाराला बोली लावतां येत नाहीं. ज्याच्या हुकूमनाम्यापायीं लिलाव निघाला त्यालाहि कोर्टाच्या परवानगीशिवाय लावतां येत नाहीं. यांतलें मर्म ओळखा. माहिती सर्वांना एकच, मुदत एकच, पैशाची अट एकच, आणि सौदा जुळवणारा स्वतः गिऱ्हाईक नव्हे. तिकडे स्कॉटलंड देशांत तर घराला अनेक गिऱ्हाइकें आलीं म्हणजे एक दिवस आणि वेळ नेमून देतात; त्या वेळेपर्यंत प्रत्येकानें आपला आंकडा बंद पाकिटांत द्यायचा. कोणाचा आंकडा कोणाला कळत नाहीं, म्हणून एकाला दुसऱ्यावर चढवण्याचा खेळच होत नाहीं.

आपण आक्काच्या घरासाठीं असेंच करूं. प्रथम कागद गोळा करावे. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, तेवढ्यानें मालकी सिद्ध होत नाहीं, हें पक्कें ध्यानांत ठेवा. गांवठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढावी. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत ड्रोननें मोजणी होऊन पुष्कळ गांवांना त्या मिळाल्या आहेत. वारसांचीं नांवें लावून घ्यावीं. घरपट्टी भरून टाकावी.

मग एका कागदावर अटी लिहाव्या. कमींत कमी किंमत किती. विसार किती आणि तो चेकनें कीं बँकेंतून. बाकी रक्कम किती दिवसांत. घरासोबत काय जातें आणि काय जात नाहीं. आक्काला सासूचें जातें न्यायचें असेल तर तें लिहावें. कुंभाराची भट्टी आणि मागची परड्याची जागा आंत आहे कीं बाहेर तें लिहावें. आणि घराचा दोषहि लिहावा. मागची भिंत पावसाळ्यांत ओल धरते, आढ्याच्या एका वाशाला वाळवी लागली आहे. हें सांगितल्यानें भाव पडेल अशी भीति वाटते. पण साध्या नजरेला न दिसणारा दोष ठाऊक असून लपवायचा नाहीं, हें बंधन १८८२ च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमानें विकणाऱ्यावर घातलेलें आहे. गाडगें विकतांना कुंभारीण तें वाजवून दाखवते. घरहि वाजवून दाखवावें.

या कागदाची एकेक प्रत पांचही जणांना द्यावी. दिवस नेमावा. त्या दिवशीं सर्वांनीं आपला आंकडा आणि पैसे कसे आणणार तें लिहून बंद पाकिटांत द्यावें. गांवांतलीं दोन जाणतीं माणसें बसवावीं, ज्यांना स्वतःला घर घ्यायचें नाहीं. पाकिटें सर्वांसमोर फोडावीं आणि मोठ्यानें वाचावीं.

आतां तुम्ही विचाराल, सर्वांत मोठ्या आंकड्यालाच घर द्यायचें काय? नेहमींच नाहीं. आंकडा आणि पैसा या दोन निराळ्या वस्तु आहेत. आपल्या गलाई बांधवाचे नऊ लाख घ्या. तो चार लाख खतांत लिहायचे म्हणतो. त्यांत सरकारचा मुद्रांक बुडतो ही एक गोष्ट, आणि मुद्रांक तरी सरकारी बाजारमूल्यापेक्षां कमीवर लागत नाहीं ही दुसरी. पण आक्काचें नुकसान त्याहून मोठें आहे. उरलेले पांच लाख त्यानें दिले नाहींत तर ती कोणत्या कागदावर मागणार? लेकीचा तिसरा हिस्सा चारांतून मोजायचा कीं नवांतून? शिवाय १ जून २०१५ पासून आयकराच्या कायद्यानें स्थावराच्या सौद्यांत वीस हजार किंवा अधिक रक्कम रोख घ्यायला बंदी केली आहे. नऊ सांगून चार लिहिणें हें चारचौघांत बोलतां येत नाहीं, आपल्या कसोटीला उतरत नाहीं, म्हणून तें बाद. त्याच बांधवानें नऊच्या नऊ बँकेंतून दिले तर तो मानाचा गिऱ्हाईक आहे, आणि कोणी त्याला "बाहेरचा पैसेवाला" म्हणून हिणवूं नये. भट्टीच्या धुरांत छाती जाळून त्यानें तो पैसा कमावला आहे.

कमी भावानें द्यायचें असेल तर? तोहि अधिकार आहे. कोयनेच्या धरणापायीं उठलेल्या कुटुंबाला जागा मिळावी, गांवांतल्या शाळेच्या पोरांना बसायला जागा व्हावी, अशी एखाद्याची इच्छा असेल तर त्यानें खुशाल दोन पैसे सोडावेत. पण तें आधीं सांगावें. "माझें घर मी राहणाऱ्यालाच देणार, कुलूप लावून ठेवणाऱ्याला नाहीं," असें अटींच्या कागदांत लिहिलें तर कोणाची तक्रार राहत नाहीं. पाकिटें फोडल्यावर मात्र नवी अट काढूं नये. आणि दोन पैसे सोडायचे ते आपल्या हिश्श्यांतले. बहिणीच्या हिश्श्यांतले सोडून दानशूर होऊं नये.

गिऱ्हाईक ठरलें, विसार घेतला, कीं बोलणें संपलें. येथें आपले लोक घसरतात. चार दिवसांनीं कोणी येतो आणि म्हणतो, "आण्णा, आणखी पन्नास हजार देतों, त्याचा विसार परत फेका." आण्णाच्या तोंडाला पाणी सुटतें. बंधूंनो, लेखी करार होऊन विसार घेतला कीं तो खेळ उरत नाहीं. करारानें मालकी जात नाहीं, ती नोंदलेल्या खरेदीखतानेंच जाते, हें खरें. पण १९६३ च्या विशिष्ट दिलासा कायद्याप्रमाणें घेणारा कोर्टांत जाऊन, "ठरल्याप्रमाणें खत करून द्या," असा हुकूम मागूं शकतो, आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे. दोघांकडून विसार घेतला तर फसवणुकीची फिर्याद होते. तेवढे पन्नास हजार वकिलाच्या दारांतच संपतात. उलट घेणाऱ्यानें मुदत मोडली तर काय, तेंहि करारांत आधींच लिहावें. म्हणजे त्याचे पैसे अडकत नाहींत आणि तुमचें घर अडकत नाहीं.

आतां जें बोलायला मी आलों तें बोलतों. आक्काच्या घरीं पाकिटें फुटलीं. लेकीनें तिच्या मुदतींत लिहून दिलें कीं तिला पैसे जमत नाहींत. तात्यांचे साडेसात. सावकार आलाच नाहीं. गलाई बांधवानें खरा आंकडा लिहायचें कबूल केलें तेव्हां तो आठावर आला. बौद्ध कुटुंबाचे साडेआठ, बँकेचें मंजुरीपत्र जोडलेलें, मुदत चाळीस दिवस. अटींत साठ दिवस दिलेले होते. हिशेब पोरालाहि कळेल असा आहे. पण त्या रात्रीं आक्काच्या ओट्यावर गर्दी होते. "आक्का, आळीचा तरी विचार कर." "पाणी एक, नळ एक." "तुझा काय, तूं निघालीस इचलकरंजीला, आम्हांला येथें नांदायचें आहे."

मी विचारतों, ज्या माणसाच्या एस्टींत बसून आपण साताऱ्याला जातों, ज्या बाईच्या हातचा खाऊ आपलीं पोरें अंगणवाडींत खातात, त्यांची भिंत आपल्या भिंतीला लागली तर काय बाटतें? जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या पुण्याच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतों आणि नळ एक म्हणून कुरकुरतों. १९०० सालीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत ज्यांचें नांव दाखल झालें, ते भीमराव आंबेडकर परदेशांत शिकून १९१७ सालीं बडोद्याला नोकरीस गेले, तेव्हां त्यांना राहायला जागा मिळेना. एवढा विद्वान माणूस, आणि डोईवर छप्पर नाहीं! त्या गोष्टीला शंभरांहून अधिक वर्षें झालीं. आळीचा विचार कर, हें वाक्य मात्र अजून जिवंत आहे.

आणि हें दुखणें आपलेंच आहे असें नाहीं. अमेरिकेंत सेंट लुई शहरीं एका रस्त्यावरच्या घरमालकांनीं १९११ सालीं लेखी करार केला होता कीं हीं घरें काळ्या माणसांना द्यायचीं नाहींत. १९४५ सालीं शेली नांवाच्या काळ्या कुटुंबानें तेथें घर घेतलें. शेजारी कोर्टांत गेले. १९४८ सालीं तिथल्या सर्वोच्च कोर्टानें सांगितलें कीं असा करार कोर्टाच्या बळावर अमलांत आणतां येणार नाहीं. पुढें १९६८ सालीं घराच्या विक्रींत असा भेद करण्यास बंदी करणारा कायदाच झाला.

आपला कायदा त्याहून जुना आहे. १९५५ सालचा अस्पृश्यता गुन्हे कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या चौथ्या कलमांत कोणत्याहि वस्तींत घर बांधणें, घेणें किंवा त्यांत राहणें यांत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणें हा गुन्हा ठरवला आहे. आक्काला "तुला वाळीत टाकूं" म्हणणाऱ्यांसाठींहि कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा वाळीत टाकणाराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगतो. म्हणजे जातीचें कारण चावडीवर मोठ्यानें सांगणारे निघाले, तरी तें आपल्या कसोटीला उतरत नाहीं. जें सांगितल्यानें गुन्हा होतो तें कारण कसलें?

कायद्याची भीति मी शेवटीं सांगितली, कारण ती शेवटींच लागावी. त्याआधीं आपल्या घरांतला हिशेब पाहा. जातीसाठीं गिऱ्हाईक नाकारायचें म्हणजे साडेआठ सोडून आठ घ्यायचे. ते पन्नास हजार आळी भरून देणार आहे काय? आक्काच्या म्हातारपणाच्या औषधाला तात्या पैसे धाडणार आहेत काय? ज्यांनीं भरपाई करायची नाहीं, त्यांनीं आपल्या सोंवळ्याची किंमत एका विधवेच्या पदरांतून कां वसूल करावी?

एक शेवटची गोष्ट. ज्यांना घर मिळालें नाहीं त्यांनाहि न्याय हवा असतो. त्यांच्याकडून कांहीं रक्कम घेतली असेल तर ती त्याच दिवशीं परत करावी. कारण स्पष्ट सांगावें, "तात्या, तुमचा आंकडा कमी पडला." तात्या दोन दिवस रुसतील, पण त्यांना फसवल्यासारखें वाटणार नाहीं. नाकारलेल्या माणसाला खरें कारण सांगतां आलें कीं समजावें, आपली निवड न्यायाची झाली.

आपण शेतकरी, कुंभार, सुतार, चांभार, कोष्टी, माळी, धनगर. आपल्याजवळ विकायला घरें थोडीं आणि तीं विकण्याची वेळ आयुष्यांत एकदांच येते. म्हणून घरीं गेल्यावर बायकामुलांसह बसा, घराचे कागद ट्रंकेंतून काढा, कोणाकोणाचा हिस्सा आहे तें पाहा, आणि बहिणीचें नांव राहिलें असेल तर आधीं तें लावा. विकायचें नसलें तरी हें करा. मुलांना वाचून दाखवा. वेळ येईल तेव्हां रुमाल बाजूला टाकून, दिवसाउजेडीं, सर्वांना एक भाव आणि एक अट सांगून व्यवहार करा.